पालेर्मोच्या राजवाड्यात तू थकली होतीस

वैशाली,

तू गेलीस तेव्हा मी ओपीडीत एका आजींच्या डोळ्यांत औषध घालत होते. उजवा डोळा झाला होता, डावा राहिला होता. खिशातला फोन थरथरला. तुझ्या नवऱ्याचाच असणार हे मला कळलं होतं. तरी मी आधी डाव्या डोळ्यात थेंब घातले, गालावर ओघळलेलं टिपलं, आजींना डोळे मिटून बसायला सांगितलं आणि मग कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन उचलला. सतीशदाजीच होते. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, "निघालेच," आणि फोन ठेवला.

हेडसिस्टरने सुट्टीचा अर्ज पुढे केला. त्यात मृत व्यक्तीशी नातं काय, असा एक रकाना होता. आई, वडील, नवरा, मूल, भाऊ, बहीण. माझं पेन तिथेच अडलं. ती इजिप्तची बाई. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सिस्टर?" इतक्या वाईट वेळी मला हसू आलं, वैशू. वीस वर्षं आपण दोघी अख्ख्या कुवेतच्या सिस्टरच होतो की. मी ‘मैत्रीण’ लिहिलं. मैत्रिणीसाठी सुट्टी नसते. तिने तो अर्ज घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "तू जा. तुझे पेशंट मी बघते."

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. लोक भेटायला येतात ते दाजींना आणि तुझ्या लेकीला, ऋचाला. ते बरोबरच आहे. माझ्याकडे कोणी येत नाही, म्हणून मी तुझ्याशीच बोलायला बसले आहे.

खैतान भागातल्या त्या खोलीत आपण चौघी होतो आणि गॅस एकच होता. तू गुहागरकडची, मी अंबाजोगाईची. पहिल्याच आठवड्यात आपलं भांडण झालं ते आमटीवरून. मी शेंगदाण्याचं कूट घातलेलं पाहून तू नाक मुरडलंस. "काय गो ज्योते, ही आमटी आहे की लेप?" मी म्हणाले, "तुमच्याकडं नारळ फुकट पडतोय म्हणून सगळ्यातच घालायचा काय?" बाकीच्या दोघी केरळच्या, त्यांना वाटलं आपण आता एकमेकींच्या झिंज्या उपटणार. तू तोंड वाकडं करत ती आमटी खाल्लीस आणि पुन्हा वाढून घेतलीस. चांगली झाली असं मात्र म्हणाली नाहीस.

पुढे आपापले नवरे आले, मुलं झाली. मी रुमैथियाला गेले, तू खैतानातच राहिलीस, कारण दाजींची मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीला जाणारी बस तिथून सुटायची. पण शुक्रवार आपला होता. तुझ्या घरी नाहीतर माझ्या.

मला वीस वर्षांत अरबी बोलता आलं, ते पेशंटपुरतं. ‘कुठे दुखतं’, ‘श्वास घ्या’, ‘उद्या या’. वाचता येतात ते फक्त आकडे. तुला वाचायचं होतं. का, असं विचारलं की तू म्हणायचीस, "इतकी वर्षं एका गावात राहायचं आणि पाट्या वाचता येऊ नयेत? लाज वाटते." तुझ्या डायलिसिस वॉर्डात उम्म खालिद नावाच्या कुवेती बाई यायच्या, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डावा हात मशीनला जोडलेला, उजवा मोकळा. त्या उजव्या हाताने टिश्यूपेपरवर अक्षरं काढून त्यांनी तुला शिकवलं. खाली एक टिंब दिलं की ‘बे’. वर दोन दिली की ‘ते’. तू ते टिश्यू युनिफॉर्मच्या खिशात घालून घरी आणायचीस, आणि कितीतरी वेळा ते तसेच वॉशिंग मशीनमध्ये जायचे. वर्षभरात तू जमियातल्या, म्हणजे सहकारी दुकानातल्या, डब्यांवरचं वाचायला लागलीस. मग औषधांच्या चिठ्ठ्या. मग पेपरातले मथळे. एकदा रस्त्यात गाडी थांबवायला लावून तू मला एका इमारतीवरची पाटी वाचून दाखवलीस. ‘येथे गाडी लावू नये’ असं लिहिलं होतं. आपण नेमकी तिथेच गाडी लावली होती.

उम्म खालिद तरुणपणी नवऱ्याबरोबर इटलीतल्या सिसिली बेटावर गेल्या होत्या. पालेर्मो शहरात एका जुन्या राजाचा वाडा आहे, त्यात राजाचं देवघर आहे, येशूचं. आणि त्याचं लाकडी छत अरब कारागिरांनी रंगवलेलं आहे, त्यावर अरबी अक्षरं आहेत, असं त्यांनी तुला सांगितलं. "लोक खालून चालत जातात," त्या म्हणाल्या होत्या, "कोणाला वाचता येत नाही. मी मान वर केली आणि मला माझी भाषा दिसली. मी रडले. तू जा, वैशाली. तू वाच."

त्या गेल्या तेव्हा आपण दोघी काळे कपडे घालून त्यांच्या घरी बायकांच्या बैठकीत जाऊन आलो. त्यांच्या सुनेने कडू कॉफी दिली. परत येताना गाडीत तू म्हणालीस, "ज्योते, आपण पालेर्मोला जायचं."

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. ऋचाची शाळा, माझ्या सासूबाईंचं आजारपण, मग कोरोना, तेव्हा तर आपण महिना-महिना घरीसुद्धा गेलो नाही. दर वेळी कोणीतरी म्हणायचं, पुढच्या वर्षी. या वर्षी मी मनावर घेतलं. आपल्या दोघींच्या सुट्ट्या जुळवल्या, व्हिसाच्या कागदांमागे धावले, रोमला विमान बदलायचं तिकीट काढलं. आणि निघायच्या दोन आठवडे आधी तुझा फोन आला.

"पुढं ढकलूया का गो? ऑक्टोबरात जाऊ."

"का? काय झालं?"

"काही नाही. जरा दमल्यासारखं होतंय."

"मला वीस वर्षं दमल्यासारखं होतंय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, मला आठवतं. "तू जन्मभर ढकलत बस. मी जाते एकटी."

मागे तुझ्या कुकरची शिट्टी झाली. मग तू म्हणालीस, "बरं बाई. येते. ओरडू नको."

एवढंच बोलणं. मी ते रोज ऐकते. मी नर्स आहे, वैशू. समोरची बाई ‘काही नाही’ म्हणते तेव्हा तिला दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे मी नव्या पोरींना शिकवते. तुला मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पालेर्मोचा पहिला दिवस तुझा होता. जुन्या भागात गल्ल्यांची नावं तीन भाषांत लिहिलेली निघाली, त्यातली एक अरबी. तू प्रत्येक पाटीखाली थांबून मोठ्याने वाचत होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस, पहिलीतल्या पोरीसारखी. बाल्कन्यांत कपडे वाळत होते, स्कूटरी अंगावरून जात होत्या, कोणीतरी वांगी तळत होतं. तू म्हणालीस, "हे गाव आपल्यासारखंच गबाळं आहे, छान आहे." मी भाताचे तळलेले गोळे घेतले, आत मटार-खिमा भरलेले. तू अर्धा खाऊन माझ्या हातात दिलास. मी तोही खाल्ला. तुझी भूक कुठे गेली, हे मी विचारलं नाही. तुझ्या पिशवीतल्या तिखटमिठाच्या पुऱ्याही तशाच परत आल्या.

दुसऱ्या दिवशी राजवाडा. हॉटेलपासून सरळ चढाचा रस्ता होता. वाटेत ताडामाडांची एक बाग लागली, तिथे तू बाकावर बसलीस. पाच मिनिटांनी उठलीस आणि पुढच्या बाकावर पुन्हा बसलीस. मी हसले. "वय झालं तुझं." तू म्हणालीस, "झालं बाई." तुझा हात पोटावर होता. ढगळ कुर्ता घातला होतास, तुझ्या मापाचा नव्हता. हे सगळं मला दिसलं होतं. नुसतं दिसलं.

वाड्याच्या चौकात आलो आणि तू थांबलीस. चारी बाजूंनी एकावर एक कमानींच्या ओवऱ्या, मधे ऊन पडलेलं. समोर तांबड्या दगडाचा रुंद जिना. तू कठड्याला धरून चढलीस. मधे थांबून म्हणालीस, "राजाला गुडघे नव्हते का गो दुखत?" त्यावर मागून येणाऱ्या एका जर्मन म्हाताऱ्यालाही आपलं हसणं बघून हसू आलं.

आणि मग ते देवघर. मी आयुष्यात तेवढं सोनं पाहिलं नव्हतं. भिंती, कमानी, खांबांवरची अर्धवर्तुळं, सगळीकडे सोन्याच्या बारीक बारीक तुकड्यांची चित्रं. समोर येशू, एवढे मोठे डोळे करून बघणारा. पायाखाली संगमरवरी नक्षी. मी तिथेच अडकले. तू मात्र भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाहीस. आत शिरल्या शिरल्या मान वर केलीस आणि पर्समधून दुर्बीण काढलीस. शुक्रवारच्या बाजारातून जुनी घेतलेली, एका काचेला चरा गेलेली. तू ती आणली आहेस, हे मला माहीतच नव्हतं.

छत फार उंच होतं. मधाच्या पोळ्यासारखं लाकूड कोरलेलं, खोलगट कप्पे लोंबताहेत, प्रत्येक कप्प्यात इवलीइवली चित्रं. उंटावर बसलेला माणूस, वाजंत्री, पेला धरलेला कोणीतरी. कडेने अक्षरं. तू कितीतरी वेळ दुर्बीण डोळ्याला लावून उभी होतीस. लोक येत होते, जात होते. मी शेवटी विचारलं, "काय लिहिलंय?"

तू दुर्बीण खाली घेतलीस. चेहरा पांढरा पडला होता.

"टिंबं नाहीत," तू म्हणालीस.

"म्हणजे?"

"जुनी लिपी आहे. टिंबंच देत नाहीत. बे कोणता, ते कोणता, नून कोणता, काहीच कळत नाही. मला वाचता येत नाही, ज्योते."

आणि तू रडायला लागलीस. मोठ्याने नाही, पण खांदे हलत होते. एवढ्याशा गोष्टीला इतकं काय, असं मला वाटलं. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अगं, हॉटेलवर गेल्यावर फोनवर बघू, सापडेल." तू मान हलवलीस. आज मला माहीत आहे की तू फक्त अक्षरांसाठी रडत नव्हतीस. त्या वेळी तुझ्या पर्समध्ये, दुर्बिणीच्या कप्प्याशेजारी, स्कॅनचा रिपोर्ट होता.

दाराशी उभी असलेली पहारेकरी बाई आपल्याकडे आली. मला वाटलं, आता बाहेर काढणार. तिने कोपऱ्यातली स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि तुझ्यामागे ठेवली. इंग्रजी तिला जेमतेम येत होतं. "अरब?" तिने तुला विचारलं. तू म्हणालीस, "नो. इंडिया. कुवेत." तिला काही उमगलं नसावं, पण तिने तुझ्या खांद्यावर थोपटलं आणि परत दाराशी जाऊन उभी राहिली.

तू त्या खुर्चीत बसून पुन्हा दुर्बीण लावलीस. मान मागे टाकून, खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून. अर्धा तास तरी झाला असेल. मी कंटाळून येशूच्या पायांची बोटं मोजत होते. अचानक तू माझं मनगट पकडलंस.

"आफिया," तू म्हणालीस.

"काय?"

"तिथे बघ. त्या उंटाच्या उजवीकडे. ऐन, मग अलिफ, मग... आफिया. आफिया लिहिलंय, ज्योते!"

कुवेतमध्ये हा शब्द आपण दिवसातून पन्नासदा ऐकतो. सलाइन लावलं, बेडपॅन काढलं, नुसती चादर सरळ केली तरी म्हातारी माणसं म्हणतात, अल्ला यातीच अल-आफिया. देव तुला धडधाकट ठेवो. आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आणि तू एका परक्या राजाच्या छताखाली बसून तो शब्द असा म्हणत होतीस, जसा कोणी पहिल्यांदाच तुला दिला होता.

मी दुर्बीण लावली. मला उंट दिसला. अक्षरं म्हणजे नुसत्या रेघा.

खाली वाड्याच्या दुकानात एका पुस्तकात मी चाळून पाहिलं. छतावर राजासाठी शुभेच्छा लिहिल्या आहेत, भरभराट, आरोग्य वगैरे, असं त्यात होतं. मी तुला म्हणाले, "तू हे आधीच कुठेतरी वाचलं होतंस. तिथे बसून अंदाजाने ठोकून दिलंस." तू एवढंच म्हणालीस, "तुला काय वाटायचं ते वाटू दे." पुढचे दोन दिवस मी त्यावरून तुला छळत होते. तू ते खरंच वाचलंस की नाही, हे तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. मी मात्र आता ठरवून टाकलं आहे. तू वाचलंस.

कुवेतला उतरलो. सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या होतो. तुझी निळी बॅग लांबून येताना दिसत होती, आणि तू तिच्याकडे बघतच म्हणालीस, "ज्योते, माझ्या ओव्हरीत गाठ आहे. साधी नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे."

मी तुला मिठी मारायला हवी होती. मी ओरडले. सगळी माणसं बघत होती. "तुला आधी माहीत होतं? तिथे चार दिवस मला मूर्ख बनवत होतीस? मी तुझं उष्टं खात हसत होते आणि तू..." तू म्हणालीस, "हळू बोल." मी माझी बॅग ओढली आणि टॅक्सीत बसून निघून आले. तू तिथे एकटी उभी होतीस. तुझी बॅग कोणी उचलली असेल, हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला.

मी अकरा दिवस आले नाही. माझा राग खरा होता, पण त्याच्या तळाशी भीती होती, आणि त्याच्याही तळाशी त्या फोनवरचं माझं वाक्य होतं. तुझं ऑपरेशन झालं त्या सकाळी मी ओपीडीत होते, तुझ्यापासून गाडीने वीस मिनिटांवर. मी फाइली लावल्या. मग लावलेल्या फाइली काढून परत लावल्या. दाजींचा मेसेज आला, ‘झालं, बाहेर आणलं’. मी ‘ओके’ लिहिलं. वैशू, मी ओके लिहिलं.

बाराव्या दिवशी तूच फोन केलास. आवाज खरवडलेला. "शेंगदाण्याची आमटी करून आण. तुझ्या पद्धतीची. इथलं जेवण घशाखाली उतरत नाही."

मी आणली. तू चार चमचे खाल्लीस आणि म्हणालीस, "चांगली झालीय." मी खिडकीकडे तोंड करून डबा धुण्याचं नाटक केलं. तिथे बेसिन नव्हतंच.

तेव्हाच मी विचारलं होतं. "ऑपरेशन आधी ठरलं होतं का? आपण गेलो त्या आठवड्यात?"

"छे," तू म्हणालीस. "तारीख नंतरचीच होती. सिसिलीचा काही संबंध नाही. डोक्यातून काढून टाक."

मला ते हवंच होतं, म्हणून मी घेतलं.

त्यानंतरचे पाच महिने तू मला दिलेस, याबद्दल मी कोणाकोणाचे आभार मानू? केमोनंतरचे दोन-तीन दिवस वाईट जायचे. मग एखादी सकाळ अशी यायची की तू स्वतःहून म्हणायचीस, समुद्रावर जाऊ. मी गाडी गल्फ रोडला लावायचे. तू डोक्याला तो जांभळा स्कार्फ बांधून कठड्यावर बसायचीस आणि मला पेपर वाचून दाखवायचीस. मथळा अरबीत, अर्थ मराठीत, आणि वर तुझी टीका. एकदा तू मला ‘बे’ शिकवायला बसलीस. मी म्हणाले, "आता या वयात कुठे?" तू पेपर मिटून ठेवलास. शिकले असते तर काय बिघडलं असतं? तुझा एक तास आनंदात गेला असता.

शवागारात मी आणि तुझ्या वॉर्डातल्या दोघी गेलो होतो. दाजींनी हिरवी साडी दिली होती, ऋचाने बांगड्या. आम्ही तिघींनी तुला नेसवलं. पोरी सराईत होत्या, माझेच हात चालत नव्हते. कंगवा आणला होता, पण विंचरायला काय होतं? केमो थांबवल्यावर नुकतेच उगवलेले, बोटभरही नसलेले, मऊ केस. लहान बाळाच्या जावळासारखे. मी ते नुसत्या तळहाताने बसवले. कपाळाला कुंकू लावलं. पेटी बंद झाली. दाजी आणि ऋचा विमानाने तुला गावी घेऊन गेले, मी ड्यूटीवर गेले.

त्याआधी एक गोष्ट झाली होती. तुला गावी न्यायचे कागद जुळवायचे होते. दाजींनी तुझी हॉस्पिटलची सगळी फाइल माझ्या हातात दिली. "तुला यातलं कळतं. काय लागेल ते काढ." मी तुमच्या डायनिंग टेबलावर बसून एक एक कागद वेगळा करत होते. त्यात तुझं अपॉइंटमेंट कार्ड होतं. ऑपरेशनची तारीख अरबी आकड्यांत लिहिलेली, खोडलेली, आणि खाली दहा दिवसांनंतरची दुसरी. शेजारी इंग्रजीत, पेशंटच्या विनंतीवरून. खोडलेली तारीख मी वाचली. पुन्हा वाचली. त्या दिवशी आपण राजवाड्यात होतो.

मी कार्ड फाइलमध्ये परत ठेवलं. पुढच्या आठवड्यात तुझ्या डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, दहा दिवसांनी फरक पडला असता का. ते चांगले आहेत, त्यांनी मला बसवलं. म्हणाले, "पोट उघडलं तेव्हा सगळीकडे पसरलेलं होतं. दहा दिवसांत ते पसरत नाही. बहुतेक नाही." ते ‘बहुतेक’ म्हणाले नसते तर बरं झालं असतं. पण खरं बोलणारा माणूस तो शब्द गाळत नाही, मीसुद्धा पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना गाळत नाही.

दाजी आणि ऋचा दिवस करून परत आले. ऋचा सतरा वर्षांची आहे, पण परत आली ती तीस वर्षांची बाई होऊन. मी ठरवलं होतं, हे माझ्यापाशी ठेवायचं नाही. दाजी कामावर गेलेले असताना मी तिला भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. तू ढकलूया म्हणालीस, मी ओरडले, तारीख, कार्ड, सगळं. मग ती म्हणाली, "So you made her go."

मी हो म्हणाले.

"She asked you. आणि तू ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

"Please go home, मावशी."

मी गेले. तिचा राग बघून मला बरं वाटलं, हे विचित्र आहे, पण तुला सांगते. मला कोणी दोष दिला नव्हता, ती एकटी खरं बोलली.

चार दिवस काही नाही. मग गुरुवारी तिचा मेसेज आला. ‘Come tomorrow. Baba is eating only खुबूस रोटी आणि चहा.’

काल शुक्रवार होता. तुझ्या ओट्यापाशी मी तुझ्याशिवाय पहिल्यांदा उभी राहिले. डबे तू लावले होतेस तसेच होते, प्रत्येकावर तुझ्या अक्षरातली अरबी चिठ्ठी. मीठ कुठलं आणि साखर कुठली, हे मला चाखून बघावं लागलं. जेवताना दाजी पाणी प्यायले आणि म्हणाले, "ऋचाने मला सांगितलं. मला माहीत होतं ते."

मी वाढायचा चमचा खाली ठेवला.

"मीच तिला म्हणत होतो, जाऊ नको. तुझा फोन झाला तेव्हा मी इथेच बसलो होतो. फोन ठेवला आणि हसायला लागली. त्या रिपोर्टनंतर पहिल्यांदा हसली. म्हणाली, ज्योती ओरडलीय, आता जायलाच हवं. मी म्हटलं, तिला खरं सांग. तर म्हणाली, सांगितलं तर ती मला जाऊ देणार नाही. आधी जाऊन येते, मग सांगते." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "मी अजून जोर करायला हवा होता. मी नाही केला. तिचा चेहरा बघितला आणि नाही केला."

ऋचा ताटात बोट फिरवत होती. म्हणाली, "मी अजून रागावलेली आहे. Both of you."

"रागाव," मी म्हणाले. "भात घे."

तिने ताट पुढे केलं.

म्हणजे तू मला फसवलंस, वैशाली. माझ्या ओरडण्याचा आधार घेऊन तुला हवं ते केलंस, आणि नंतर खोटं बोलून मला सोडवलंस. मी यावरून तुझ्याशी भांडणार होते. काल तुमच्याकडून घरी येताना गाडीत मी भांडलेसुद्धा, एकटीच, मोठ्याने, सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता. यात कोणाचं किती चुकलं, हे आपण दोघींनी बसून ठरवायला हवं होतं. तू पाच महिने होतीस. मी तुझ्या उशाशी बसून हवेवर बोलले, मोज्यांवर बोलले, नव्या मेट्रनवर बोलले.

ऋचाला सांगून झालं, दाजींना सांगून झालं, डॉक्टरांना सांगून झालं. तुला सांगायचं तेवढं राहिलं. तारखेचं मला माहीत नव्हतं, ते तुझं तू बघ. पण ऑपरेशनच्या सकाळी तुला ट्रॉलीवरून आत नेताना तू दाराकडे बघत होतीस, असं दाजी म्हणाले. मी यायला हवं होतं. तुझा हात धरायला हवा होता. मी आले नाही. माझं चुकलं गं.